छातीचे दुखणे आणि हृदयाची पारख

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मी व्यवसायाने कापड व्यापारी व शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. तथापि छातीत दुखू लागल्यावर कोणती तपासणी कशासाठी करावयाची, याविषयी आपल्यात अनेक गैरसमज आहेत. वाचनातून व डॉक्टर मित्रांशी झालेल्या चर्चेतून जे समजले, ते आपल्यासमोर मांडतो.

प्रथम एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. छातीवर दडपण आले, दुखणे डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत गेले, दरदरून घाम सुटला, दम लागला, तर तो तपासण्यांची निवड करीत बसण्याचा प्रसंग नव्हे. आपल्याकडे अशा वेळी ओवा-सोडा घेऊन दुकान बंद होईपर्यंत वाट पाहिली जाते. उपवास वा तपस्या सुरू असली, तर ते पित्तच असे गृहीत धरले जाते. स्त्रिया व मधुमेही यांच्यात तर छाती न दुखता केवळ थकवा, मळमळ वा दम एवढीच लक्षणे असू शकतात. दिंडोरीहून नाशिक सुमारे 25 किलोमीटर. तेवढे अंतर स्वतः गाडी चालवीत जाऊ नये. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, तिला बोलवावे. जवळच्या रुग्णालयात तत्काळ ईसीजी व ट्रोपोनिन ही रक्ततपासणी व्हावी.

आता दुसऱ्या प्रकारच्या दुखण्याकडे वळू. गठ्ठा उचलताना वा चढ चढताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते, असे काही आठवडे चालले आहे. येथे विचारपूर्वक तपासणीला वाव असतो. आज शिबिरात अनेकांचा ईसीजी निघेल व त्यावर ‘नॉर्मल’ असा शेरा येईल. हा कागद म्हणजे अभयपत्र नव्हे. ईसीजी म्हणजे त्या क्षणाचा रोजमेळ. वर्षाचा ताळेबंद त्यातून कळत नाही. विश्रांतीच्या वेळी तो निर्दोष असूनही रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो.

मग लगेच मांडीतून वा मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी करावी काय? प्रत्येकाला तिची आवश्यकता नसते. नळी न घालताही हृदय पाहण्याचे मार्ग आहेत. 1953 साली स्वीडनमधील एडलर व हर्ट्झ यांनी, जहाजबांधणीत धातूतील दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे ध्वनिलहरींचे यंत्र हृदयाकडे वळविले. तीच आजच्या टूडी इकोची सुरुवात. इकोमध्ये हृदयाची पंप करण्याची शक्ती, झडपा व भिंतींची हालचाल दिसते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा मात्र त्यात थेट दिसत नाही. श्रमानंतर वा औषध देऊन केलेल्या स्ट्रेस इकोत, ताण आल्यावर हृदयाचा कोणता भाग मंदावतो ते कळते. अल्पसा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देऊन केलेल्या तपासणीत कोणत्या भागास रक्त अपुरे मिळते ते उमगते.

सीटी अँजिओग्राफीत खुद्द रक्तवाहिन्याच दिसतात. हातातील शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात, आवश्यक तर गोळीने नाडी संथ करतात, काही क्षण श्वास रोखावयास सांगतात आणि चित्र मिळते. मूत्रपिंडाचा विकार, औषधाची अॅलर्जी वा गर्भधारणा असल्यास आधी सांगावे. वाहिन्यांत चुन्याचे थर फार असतील तर चित्र अस्पष्ट येते. किरणांची मात्रा असल्याने केवळ कुतूहलापोटी, कोणतीही तक्रार नसताना, ही तपासणी ‘पॅकेज’ म्हणून करून घेणे योग्य नाही.

या तपासणीचा लाभ किती? स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या 4,146 रुग्णांचा अभ्यास झाला. नेहमीच्या उपचाराबरोबर सीटी अँजिओग्राफी केलेल्यांपैकी पाच वर्षांत 2.3 टक्के रुग्णांना हृदयविकाराचा झटका वा हृदयविकाराने मृत्यू आला. ती न केलेल्यांत हे प्रमाण 3.9 टक्के होते. हे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे पाच वर्षांअखेर दोन्ही गटांत अँजिओप्लास्टी व बायपासचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. लाभ झाला तो मुख्यतः योग्य माणसाला योग्य औषधे सुरू झाल्यामुळे, असे अभ्यासकांचे मत आहे.

चित्रात अडथळा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. भारतासह अनेक देशांतील 5,179 रुग्णांचा ‘इस्केमिया’ हा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. दुखणे स्थिर असलेल्यांत आरंभीच स्टेंट वा बायपास केल्याने, औषधोपचारापेक्षा झटके वा मृत्यू एकंदरीत कमी झाले नाहीत. दुखण्यापासून आराम मात्र अधिक मिळाला. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण या अभ्यासातून वगळले होते. अशांची गोष्ट निराळी, आणि त्यांना ओळखण्याचे काम तेथे बहुतांशी सीटीनेच केले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ही तपासणी कशाचा शोध घेण्यासाठी आहे? तिच्या निकालाने माझ्या उपचारात काय बदलेल? माझ्या मूत्रपिंडाला, मधुमेहाला ती मानवेल काय? आणि निकालानंतर जी औषधे सुरू होतील, ती बरे वाटू लागले म्हणून मनानेच बंद करू नयेत. चित्र काढल्याने रोग हटत नाही. तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे आणि रोज चालणे हे काम आपलेच आहे.

आज शिबिरात जो कागद हाती येईल, तो घरी जपून ठेवावा. पण पुढे छातीत दुखले, तर त्या कागदावर विसंबून घरी बसू नये, एवढीच नम्र विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.

जय जिनेंद्र!