देवळाचे दाते आणि देवळाचे कर्ते
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज कळस चढला. ज्यांनी रोख रक्कम दिली, ज्यांनी धान्य दिले, ज्यांनी बैलगाडी-ट्रॅक्टर दिला, त्या सर्वांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जाणार आहेत आणि ते योग्यच आहे. दात्यावाचून देऊळ उभे राहत नाही. पण आजच्या मंगल प्रसंगी एका प्रश्नाचा विचार सर्वांनी करावा. देऊळ दात्याच्या पैशाने उभे राहते, तसे ते कोणाच्या तरी हातांनीही उभे राहते. त्या हातांची नोंद कोठे असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. वेरूळला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. तेथील कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात. पावणेतीनशे फूट लांब आणि दीडशे फूट रुंद असे ते प्रांगण डोंगराच्या पोटात कोरून काढले आहे, आणि मागचा कडा शंभर फुटांहून उंच आहे. सगळी देवळे पायापासून वर चढतात. हे देऊळ शिखरापासून खाली उतरले. आधी माथा कोरायचा, मग खांब, मग हत्तींची रांग आणि शेवटी जमीन. बांधकामात एखादा दगड चुकला तर तो काढून दुसरा बसविता येतो. येथे छिन्नी जास्त लागली तर चूक कायमची. तेव्हा वरचा पहिला घाव घालणाऱ्या माणसाच्या मनात खालच्या शेवटच्या पायरीपर्यंतचे सारे देऊळ आधीच तयार असले पाहिजे. राष्ट्रकूटांच्या लाट प्रांतातील शाखेचा राजा कर्क याच्या बडोदे येथील ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. ते घडविणारा शिल्पी स्वतःच थक्क झाला, हे आपल्या हातून झाले कसे असे त्याला वाटले, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. राजाच्या ताम्रपटात शिल्प्याच्या मनातले आश्चर्य लिहिले गेले, पण त्याचे नाव तेवढे लिहायचे राहिले! पैठणचा कोकास नावाचा कारागीर होता अशी कथा जुन्या मराठी ग्रंथात आहे, परंतु ती कथाच.

दुसरी गोष्ट हेमाडपंतांची. चुन्यावाचून, दगडात दगड अडकवून बांधलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्रिपंत हे तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे मोठे अधिकारी, विद्वान, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाचे कर्ते. त्यांची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रिपंतांच्या आधी दोनशे वर्षे ते देऊळ उभे होते, आणि तरीही ते हेमाडपंतीच! असे का झाले? अधिकाऱ्याचे नाव ग्रंथात होते, दप्तरात होते. पाथरवटाचे नाव कोठेच नव्हते. ज्याची नोंद सापडली त्याच्या खात्यावर सगळे जमा झाले. सातबाराच्या उताऱ्यावर नाव नसले की पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्याची काय गत होते, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. दगडाच्या कामातही तेच झाले.

यावर कोणी म्हणेल, “देवाच्या कामात नाव कशाला हवे? त्या कारागिरांनी निष्काम सेवा केली, म्हणून नाव कोरले नाही.” विचार चांगला आहे. परंतु सगळीकडे तसे घडलेले नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बेलूरचे चेन्नकेशव मंदिर आहे. होयसळ राजा विष्णुवर्धनाने ते इ. स. १११७ मध्ये उभारले. तेथील मूर्तींच्या पायथ्याशी शिल्पकारांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण, अशी बाप-लेकांची नावे गावासकट आणि बिरुदांसकट तेथे वाचता येतात. पुढे तेराव्या शतकात सोमनाथपूरच्या केशव मंदिरात मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराने अनेक ठिकाणी आपले नाव घातले आहे. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर येथील ही मंदिरे २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. नऊशे वर्षांनंतरही अभ्यासक सांगू शकतात की ही मूर्ती दासोजाची आणि ही चावणाची. बापाच्या हाताचे वळण कोणते आणि मुलाचे कोणते, हेही ताडून पाहता येते. नावे कोरल्यामुळे त्यांच्या भक्तीत काही उणे आले, असे कोणी म्हणेल काय?

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. रायगडावर जगदीश्वराचे मंदिर आहे आणि त्याच्याजवळच शिवछत्रपतींची समाधी आहे. १६७४ साली ज्या गडावर राज्याभिषेक झाला, त्या गडाच्या बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकर यांच्याकडे होती. मंदिराच्या भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. छत्रपतींच्या आज्ञेने हिरोजीने विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाळा आणि राजगृहे उभारली, आणि चंद्रसूर्य असेतोवर ती नांदोत, असा त्याचा आशय आहे. पण त्याहून मोठा वाटतो तो दुसरा लहानसा लेख. तो आहे मंदिराच्या पायरीवर. सेवेला तत्पर असलेला हिरोजी, एवढाच त्याचा अर्थ. आडनाव काही अभ्यासक इटळकर असे वाचतात. महाराजांनी बक्षीस विचारले तेव्हा हिरोजीने पायरीवर नाव कोरण्याची परवानगी मागितली, म्हणजे दर्शनाला येताना महाराजांची पायधूळ त्यावर पडेल, अशी आख्यायिका लोक सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी दगड समोर आहे. नाव पायदळी घातले, पण घातले. विनय आणि नोंद या दोन्ही गोष्टी एकाच पायरीवर कशा बसतात, हे हिरोजीने दाखवून दिले.

पुढे १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली आणि वाडे जळाले. भिंतीवरील लेखात मोजलेल्या इमारतींपैकी पुष्कळांची आज जोतीच उरली आहेत. पायरीवरचे नाव मात्र शाबूत आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात रायगड आहे. गडावर जाणारा शाळकरी मुलगा आजही त्या पायरीपाशी वाकून नाव वाचतो आणि “हिरोजी कोण होता?” असे गुरुजींना विचारतो. पायरीवर नाव नसते, तर हा प्रश्न त्याला सुचला असता काय?

जीर्णोद्धाराचे नाव निघाले की अहिल्यादेवी होळकरांचे स्मरण होतेच. काशीविश्वनाथ, सोमनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर, इतक्या दूरदूरच्या ठिकाणी त्यांनी मंदिरे उभी केली. मोडलेले पुन्हा उभे करणे हे नवे बांधण्याइतकेच पुण्याचे, हा धडा त्यांनी दिला. सोमनाथला स्वातंत्र्यानंतर जे नवे मंदिर झाले, त्याचे स्थपती प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा. हे घराणे परंपरेने देवळे बांधणाऱ्यांचे. त्या मंदिरात ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. प्रभाशंकरजींनी आणखी एक मोठे काम केले. शिल्पशास्त्राचे जुने ग्रंथ त्यांनी संपादन करून छापले. जे ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडी जात होते, ते कागदावर आणले. त्यांना १९७३ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे नातू चंद्रकांत सोमपुरा यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराचा आराखडा केला. अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी ज्या राममंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली, त्याचा आराखडाही त्यांचाच. विद्या घराण्यात टिकली याचे एक कारण म्हणजे ती लिहून ठेवली गेली. ज्या गवंड्याची विद्या लिहिली गेली नाही, ती त्याच्याबरोबर गेली. जुन्या चुन्याच्या घाणीत काय आणि किती घालीत, हे ज्याच्या आजोबाला तोंडपाठ होते, त्याच्या नातवाला आज सिमेंटच्या पिशवीवाचून दुसरे काही ठाऊक नसते.

आता शेवटचे उदाहरण, आणि ते अगदी आपल्यासारख्या खेड्यातले आहे. अलिबागजवळ सासवणे नावाचे गाव आहे. तेथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. घरात गणपती करण्याची परंपरा होती. मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या शिवाजीमहाराजांचे चित्र काढले. त्या काळी कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर होते ऑटो रॉथफील्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. त्यांच्या नजरेस ते चित्र पडले. हे कोणी काढले, याची चौकशी करून त्यांनी त्या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्यास मदत केली. पुढे हेच करमरकर देशातले थोर शिल्पकार झाले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच आणि तो १९२८ सालचा. त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांनी थोरामोठ्यांचेच पुतळे केले असे नाही. गावची कोळीण आणि गोठ्यातली म्हैस हीसुद्धा त्यांनी त्याच मायेने घडविली. १९६७ साली ते निवर्तले. सासवण्यातील त्यांच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.

सज्जनहो, या गोष्टीतला एक क्षण नीट लक्षात घ्यावा. साहेबांची फेरी होण्याच्या आदल्या दिवशी कोणी व्यवस्थित माणसाने “पोराने भिंत खराब केली” म्हणून त्या चित्रावर चुन्याचा एक हात फिरविला असता, तर? तर त्या कलेक्टरने पांढरी भिंत पाहिली असती आणि घोडा पुढे हाकला असता. देवळाची भिंत स्वच्छ राहिली असती, पण महाराष्ट्र एका शिल्पकाराला मुकला असता.

म्हणून आजच्या दिवशी समितीपुढे आणि ग्रामस्थांपुढे तीन गोष्टी ठेवायच्या आहेत.

पहिली गोष्ट. देणगीदारांच्या पाटीखाली आणखी एक पाटी बसावी. ती संगमरवराची नसली तरी चालेल, साधा काळा दगड पुरे. तीवर पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार आणि रंगारी यांची नावे गावासह असावीत. डोक्यावर घमेले घेऊन परातीवर चढणाऱ्या बाया-माणसांचीही असावीत. हजेरीपटात ही सगळी नावे आहेत. मजुरी चुकती झाली की हजेरीपट रद्दीत जातो, आणि त्याबरोबर नावेही जातात. त्याआधी ती दगडावर उतरवून घ्यावीत. जागा कमी पडत असेल तर पायरीवर कोरावीत. ती जागा कमीपणाची नाही, हे हिरोजीने साडेतीनशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट. एक नोंदवही करावी. दगड कोणत्या खाणीतला, लाकूड कोठले, गाभाऱ्याचे माप किती, जुने कोणते ठेवले आणि नवे कोणते घातले, कोणत्या तारखेला काय झाले, हे सगळे तीत लिहावे. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो तीत चिकटवावेत. शंभर वर्षांनी पुन्हा जीर्णोद्धाराची वेळ आली, तर त्या वेळच्या मंडळींना अंधारात चाचपडावे लागू नये.

तिसरी गोष्ट. जुन्या दगडाला ऑइलपेंट लावण्याचा मोह टाळावा. दगडही श्वास घेतो. पावसाळ्यात मुरलेली ओल त्याला बाहेर टाकावी लागते. वरून रंगाचा जाड थर बसला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. कोरीव कामाच्या कडा रंगाने बुजतात, आणि एखाद्या कोपऱ्यात जुने अक्षर असेल तर तेही बुजते. कोण जाणे, आपल्याच देवळाच्या एखाद्या दगडावर कोणा विसरलेल्या कारागिराची खूण असेल. नव्या मंडपाला हवा तो रंग द्यावा. जुन्या गाभाऱ्याला पाणी आणि मऊ कुंचला एवढेच पुरे.

या तिन्ही गोष्टींना खर्च थोडा आहे. पाटीचा दगड आणि कोरण्याची मजुरी एवढाच काय तो. देणगीदारांपैकी एखाद्याने तेवढा उचलावा, म्हणजे ज्यांच्या पैशाने देऊळ झाले त्यांच्याच हातून, ज्यांच्या घामाने झाले त्यांचा सन्मान होईल. दाता आणि कर्ता यांची नावे एकाच मंडपात शेजारी शेजारी आली की पुढच्या पिढीला पुरा हिशेब कळेल.

वेरूळच्या त्या शिल्प्याचे नाव आता कोणालाही सापडणार नाही. आपल्या देवळाच्या शिल्प्यांचे मात्र अजून सापडते. ती माणसे याच मंडपात, मागच्या रांगेत बसलेली आहेत. त्यांना पुढे बोलवावे, श्रीफळ द्यावे आणि नावे विचारून घ्यावीत.

श्री ग्रामदैवताची कृपा सर्वांवर राहो.