घराच्या खिडक्या आणि घरफोडीपासून संरक्षण

(सरपंच, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दाराचे कुलूप विकत घेताना आपण दुकानदाराला चार प्रश्न विचारतो. खिडकीच्या बाबतीत मात्र सुताराने वा लोहाराने जे बसविले ते मुकाट्याने स्वीकारतो. कायद्याने खिडकीकडे फार पूर्वीच लक्ष दिले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ४४५ मध्ये घरफोडीची व्याख्या करताना खिडकीतून शिरण्याचे उदाहरणच दिले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्येही ती व्याख्या कायम आहे. राहत्या घरातील चोरीला कलम ३०५ अन्वये सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. तथापि शिक्षा ही चोरीनंतरची गोष्ट होय. आज आपण चोरीपूर्वीचा विचार करू.

आवाज, उजेड आणि विलंब या तीन गोष्टी चोराला नकोशा असतात. कोणताही उपाय निवडताना त्याने यांपैकी काय साधते, हे पाहावे. प्रथम अंधार पडल्यावर आपल्या घराभोवती एक फेरी मारावी. मागील बाजूची खिडकी झुडपाआड दडली आहे काय? कडब्याची गंजी, शिडी किंवा पाण्याचा नळ वरच्या खिडकीपर्यंत पोचवितो काय? फांद्या छाटणे, शिडी घरात ठेवणे आणि परसात एक दिवा लावणे, या उपायांना खर्च जवळजवळ नाही.

दुसरा विचार झडपांचा. लाकडी झडपेला वर व खाली अशा दोन खिट्ट्या असाव्यात, आणि त्या चौकटीत पुरेशा खोल जाव्यात. सरकत्या ॲल्युमिनिअमच्या खिडकीचे तावदान वर उचलून रुळातून काढता येते. म्हणून वरच्या रुळात आडवा स्क्रू बसवावा आणि खालच्या रुळात मापाची काठी आडवी ठेवावी. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतून एकेक पट्टी ओढून काढता येते. तेथे आतून गज हवेतच. डासांची जाळी हे संरक्षण नव्हे.

काचेविषयीही गैरसमज आहेत. टणक केलेली काच फुटल्यावर तिचे बारीक तुकडे होतात. त्यामुळे इजा कमी होते, परंतु चोराची वाट मोकळीच होते. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर घातलेली काच तडकली तरी चौकटीत टिकून राहते. चोराचा वेळ मोडण्यास हीच उपयोगी, मात्र ती महाग पडते.

म्हणून सर्वसाधारण कुटुंबाला लोखंडी गजांचाच आधार घ्यावा लागतो. गज किमान १२ मिलिमीटर जाडीचे असावेत आणि दोन गजांतील अंतर १० सेंटीमीटरहून अधिक नसावे. परंतु जाळीचे बळ गजांइतकेच तिच्या बसवणीत असते. लाकडी चौकटीला बाहेरून चार स्क्रूंनी अडकविलेली जाळी पेचकसाने निघते. भिंतीच्या बांधकामात पक्क्या केलेल्या पट्ट्यांना जोडलेली जाळी सहजी निघत नाही. किनारपट्टीवर खारी हवा गजांची मुळे खाते. दर पावसाळ्यापूर्वी गंज खरवडून रंग द्यावा. गज असले तरी खिडकीलगत मोबाइल, पाकीट किंवा किल्ल्या ठेवू नयेत. काठीला आकडा बांधून त्या बाहेर ओढल्या जातात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जी जाळी चोराला आत येऊ देत नाही, ती आग लागल्यास घरच्यांनाही बाहेर पडू देत नाही. दाराशी धूर कोंडला तर खिडकी हीच सुटकेची वाट उरते. यास्तव निजण्याच्या प्रत्येक खोलीतील निदान एका खिडकीची जाळी बिजागरीवर उघडणारी करावी. कुलूप आतून असावे. किल्ली बाहेरून हात पोचणार नाही अशा ठरलेल्या जागी टांगावी, आणि ती जागा घरातील मुलांनाही ठाऊक असावी. वर्षातून दोनदा ते कुलूप उघडून पाहावे. गजांत विजेचा प्रवाह सोडण्याचा अघोरी उपाय मात्र कोणीही करू नये. त्याने शेजारचे मूल दगावू शकते, आणि तसे करणाराच गुन्हेगार ठरतो.

शाळा आणि पंचायतीच्या इमारती रात्री निर्मनुष्य असतात. तेथील संगणकाच्या खोलीची पाहणी याच रीतीने करावी, आणि दुरुस्तीची गरज इतिवृत्तात नोंदवून अंदाजपत्रकात घ्यावी. शिक्षकांनी मुलांना ११२ हा क्रमांक पाठ करवून घ्यावा. ग्रामसुरक्षा दलाने गस्त घालताना बंद घरांच्या मागील खिडक्यांवरही नजर टाकावी.

परगावी जाताना शेजाऱ्याला सांगून जाण्याची आपली जुनी रीत आहे. काच फुटल्याचा आवाज ऐकून उठणारा शेजारी नसेल, तर भक्कम गजही केवळ थोडा वेळच मिळवून देतात. त्या मिळालेल्या वेळात मदतीला धावून जाणारे गाव उभे करणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.