शुद्धीनंतरची वाट : इतवारीतील पाणी, मसाले आणि साल्मोनेला

दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या आजारांचा विचार करताना अन्न मुळात कसे होते आणि पाणी मुळात कोठून आले, या दोन प्रश्नांपाशीच चर्चा बहुधा थांबते. परंतु साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग समजून घ्यायचा असेल, तर त्यापुढची वाट तपासणे अधिक आवश्यक ठरते. नागपुरातील इतवारीसारख्या वस्तीत रस्सा बराच वेळ रटरटत शिजतो, फोडणीचे तेल कडकडीत तापते आणि नळाचे पाणी क्लोरिनची प्रक्रिया होऊनच शहरात येते. तरीही मुदतीचा ताप आणि जुलाब-उलट्यांच्या साथी या गल्ल्यांना अनोळखी नाहीत. साल्मोनेला उकळीत किंवा योग्य मात्रेतील क्लोरिनपुढे टिकाव धरत नाही. तो त्या दोन्ही अडथळ्यांच्या पलीकडे, अन्न शिजल्यावर आणि पाणी शुद्ध झाल्यावर, पुन्हा त्यांत मिसळतो, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यत्वे या दुसऱ्या प्रवेशावर आहे.

मुदतीच्या तापाने, म्हणजेच टायफॉईडने, दगावलेल्या रुग्णांच्या शरीरात कार्ल एबर्ट या शास्त्रज्ञाने १८८० मध्ये हा जिवाणू पाहिला, १८८४ मध्ये गेओर्ग गाफ्की याने तो प्रयोगशाळेत वाढवला आणि १८८५ मध्ये अमेरिकेत डॅनियल साल्मन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ यांना डुकरांमध्ये त्याचाच एक भाऊबंद सापडला. याच दशकात, परंपरेनुसार १८८१ पासून, इतवारीत काळी मारबत हा पुतळा मिरवण्यास आरंभ झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन पावसाळ्यात, वस्तीतली रोगराई सोबत घेऊन जाण्याची विनवणी त्या पुतळ्याला केली जाते. पावसाळा हा नाल्या तुंबण्याचा आणि जलवाहिन्यांत घाण शिरण्याचा काळ असल्यामुळे, या प्रथेमागे लोकांनी अनुभवातून केलेले निरीक्षण असावे, असे मानण्यास जागा आहे.

आज साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक सीरोटाइप, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील रेणूंच्या ठेवणीवरून ओळखले जाणारे उपप्रकार, ज्ञात आहेत. मात्र प्रतिबंधाच्या दृष्टीने त्यांचे दोन गट लक्षात ठेवणे पुरेसे आहे. पहिल्या गटातील टायफी आणि पॅराटायफी हे उपप्रकार माणसाच्याच शरीरात मुक्काम करतात, आतड्यातून रक्तात शिरतात आणि साधारणतः एक ते तीन आठवड्यांनी चढत जाणारा, दीर्घकाळ रेंगाळणारा ताप उत्पन्न करतात. दुसऱ्या गटातील शेकडो उपप्रकार कोंबड्या, गुरे, पक्षी, उंदीर, पाली अशा प्राण्यांच्या आतड्यांत असतात आणि माणसाच्या पोटात गेल्यावर बहुधा सहा ते बहात्तर तासांत जुलाब, पोटात मुरडा, ताप आणि उलट्या होतात. पहिल्या गटाविरुद्धची लढाई प्रामुख्याने पाण्याशी आणि मलनिःसारणाशी, तर दुसऱ्याविरुद्धची स्वयंपाकघर व बाजार यांच्याशी निगडित आहे.

नागपूरच्या पाण्याचा इतिहास अंबाझरी आणि गोरेवाडा तलावांपासून कन्हान नदी व पेंच प्रकल्पापर्यंत विस्तारलेला आहे. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९५८ मध्ये याच शहरात स्थापन झाली आणि तीच पुढे, १९७४ पासून, नीरी या नावाने ओळखली जाऊ लागली, ही नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ बसवून, वाळूच्या थरांतून गाळून आणि क्लोरिन मिसळून पाणी निर्धोक केले जाते. नळाशी पोचल्यावरही त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. या उरलेल्या क्लोरिनचे काम वाटेत शिरणाऱ्या थोड्याफार घाणीशी सामना करण्याचे असते, आणि वाटेत शिरणारी घाण थोडीफारच असेल याची शाश्वती जुन्या वस्त्यांत देता येत नाही.

यामागील यंत्रणा समजण्यास सोपी आहे. जलवाहिनीत पाण्याचा दाब कायम असेल, तर वाहिनीला भेग पडली तरी पाणी बाहेर झिरपते आणि बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. पण दिवसातून तास-दोन तासच पाणी सोडण्याची पद्धत असेल, तर उरलेल्या वेळात वाहिनी रिकामी होऊन दाब शून्याखाली जातो, आणि अरुंद गल्लीत तिच्या शेजारूनच वाहणाऱ्या नालीचे पाणी त्याच भेगेतून आत ओढले जाते. शेजाऱ्यापेक्षा अधिक पाणी मिळावे म्हणून नळाला जोडलेला टुल्लू पंप ही ओढ आणखी वाढवतो, आणि त्याचा उपद्रव पंप लावणाऱ्यापुरता मर्यादित न राहता त्या वाहिनीवरच्या सगळ्या घरांना भोगावा लागतो, हे पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. नळ सुरू झाल्यावर येणारे पहिले गढूळ पाणी याच ओढलेल्या घाणीचे असल्यामुळे ते पिण्यासाठी भरून ठेवणे धोक्याचे असते.

कर्नाटकातील हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत काही प्रभागांना चोवीस तास आणि उरलेल्यांना अधूनमधून पाणी मिळत असल्यामुळे या दोहोंची तुलना करण्याची दुर्मीळ संधी संशोधकांना लाभली. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागातील नळांच्या नमुन्यांपैकी ३१.७ टक्के नमुन्यांत मानवी वा प्राणिज विष्ठेची खूण असलेला ई. कोलाय हा जिवाणू आढळला, तर अखंड पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण ०.७ टक्के होते. पुढील आरोग्य-पाहणीत अखंड पुरवठा असलेल्या घरांत टायफॉईडचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी दिसले. सर्वसाधारण जुलाबांत असा ठळक फरक दिसला नाही, ही बाबही तितकीच बोलकी आहे. टायफॉईडचा जिवाणू माणसाच्या मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून माणसात फिरत असल्यामुळे पाण्याची वाट बंद होताच त्याला लगेच खीळ बसते, तर जुलाबाच्या इतर जंतूंना घरात शिरण्याच्या अन्य वाटा मोकळ्याच राहतात. नागपुरात २०१२ पासून चोवीस तास पाणी देण्याची योजना हाती घेण्यात आली. तिच्या खर्चाविषयी आणि खासगी सहभागाविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे, परंतु वाहिनीत सतत दाब राखणे हे केवळ सोयीचे काम नसून रोगप्रतिबंधाचे काम आहे, हे त्या वादात विसरले जाऊ नये.

दाट वस्ती आणि टायफॉईड यांचा संबंध किती घट्ट आहे, हे २०१७ ते २०२० या काळात देशात झालेल्या एका मोठ्या पाहणीने आकड्यांत मांडले. एका बालकाचे एक वर्षाचे निरीक्षण म्हणजे एक बालवर्ष, या हिशेबाने एक लाख बालवर्षांमागे वेल्लोरमध्ये ११७३, कोलकात्यात ७१४ आणि दिल्लीत ५७६ रुग्ण रक्ततपासणीने सिद्ध झाले, तर पुणे जिल्ह्यातील वढू या ग्रामीण परिसरात ही संख्या केवळ ३५ होती. गावाकडची मुले अधिक स्वच्छ राहतात असा याचा अर्थ नाही. माणसे, नाल्या आणि जलवाहिन्या एकमेकांना चिकटून जगतात तेथे या जिवाणूचे फावते, असा त्याचा अर्थ आहे.

घरात आलेले पाणीही पुन्हा दूषित होऊ शकते. उकळून गार केलेले पाणी माठात भरल्यावर त्यात पेल्यासह हात बुडवला, तर उकळण्याचे श्रम वाया जातात; लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी असलेला माठ ही जुनी साधने या दृष्टीने अत्यंत शास्त्रशुद्ध आहेत. टायफॉईडमधून बरे झालेल्यांपैकी काही थोड्या रुग्णांच्या पित्ताशयात हा जिवाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि अशी वाहक व्यक्ती स्वतः ठणठणीत असूनही तिच्या मलावाटे तो बाहेर पडत असतो. म्हणून शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुण्याचा आग्रह निरोगी दिसणाऱ्या आचाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

आता बाजाराकडे वळता येईल. इतवारी ही विदर्भाची किराणा आणि मसाल्याची जुनी घाऊक पेठ असून मिरची, धणे, मिरे, हळद यांची पोती येथून दूरवरच्या दुकानांत जातात. कोरड्या मालात जंतू जगत नाहीत, ही समजूत साल्मोनेलाच्या बाबतीत चुकीची आहे. ओलाव्याशिवाय तो वाढत नाही हे खरे, पण सुप्तावस्थेत महिनोन्‌महिने तग धरतो, आणि कोरड्या अवस्थेत त्याची उष्णता सोसण्याची शक्ती उलट वाढते. जमिनीवर वाळत घातलेल्या मिरचीवर पक्ष्यांची वा पालींची विष्ठा पडणे, गोदामात उंदरांचा वावर असणे, पोत्यांना छपरातून ओल लागणे, या वाटांनी तो मसाल्यात येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २००९ या आर्थिक वर्षांत आयात मसाल्यांची तपासणी केली, तेव्हा ६.६ टक्के खेपांत साल्मोनेला आढळला. भारतीय नियमांनुसार मसाल्याच्या २५ ग्रॅम नमुन्यात तो मुळीच असू नये.

येथे वैदर्भीय पाकपद्धतीचे एक संरक्षक वैशिष्ट्य नमूद करणे योग्य ठरेल. सावजी रस्स्यातला मसाला आधी तेलात परतला जातो आणि मग पाण्यासह दीर्घकाळ उकळतो. तर्री पोह्यांवरची तर्रीही उकळीतून आलेली असते. ओलसर अन्नाचा मध्यभाग सुमारे ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की साल्मोनेला मरतो, त्यामुळे त्या मसाल्याची धास्ती उरत नाही. धास्ती असते ती चुलीवरून उतरल्यानंतर भुरभुरलेल्या चाट मसाल्याची आणि मिरपुडीची, न धुता चिरून टाकलेल्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पाणीपुरीच्या कच्च्या पाण्याची, आणि ज्या ताटात कच्ची कोंबडी ठेवली होती त्याच ताटात काढलेल्या शिजलेल्या तुकड्यांची. हाच तर्री-रस्सा सकाळी शिजवून दुपारभर कोमट ठेवला, तर नंतर पडलेले मोजके जिवाणू अनुकूल तापमानात साधारण वीस-तीस मिनिटांत दुप्पट होत जातात. म्हणून अन्न एकतर वाफाळते ठेवावे किंवा लवकर गार करून शीतकपाटात ठेवावे आणि खाण्यापूर्वी पुन्हा उकळावे. हाच दुसरा प्रवेश कारखान्यातही घडतो : अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या लोण्यातून पसरलेल्या साथीत ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली. त्या कारखान्यात शेंगदाणे भाजले जात होते, पण छपराची गळती आणि उंदीर यांमुळे भाजल्यानंतरचा माल असुरक्षित होता. गोदामाचे छप्पर दुरुस्त करणे हा आरोग्याचा खर्च आहे, हे इतवारीतील व्यापाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

कोंबडी आणि अंडी यांविषयी थोडक्यात सांगायचे तर कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांवाटे ओट्यावर व शेजारच्या भांड्यांवर पसरतात. आणि अंड्याचे कवच स्वच्छ असले तरी काही वेळा संसर्ग कोंबडीच्या बीजकोशातूनच अंड्यात आलेला असल्याने पिवळा बलक घट्ट होईपर्यंत ते शिजवावे. मोड आलेल्या मटकी-मुगाकडे मात्र अधिक लक्ष हवे. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूलाही तितकीच मानवते, त्यामुळे लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना कच्च्या कोशिंबिरीऐवजी शिजवलेली उसळ देणे श्रेयस्कर.

आजार झाल्यावरच्या चुकाही गंभीर आहेत. टायफॉईडसाठी केली जाणारी विडाल चाचणी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली संरक्षक प्रथिने, मोजते. परंतु जेथे अनेकांना पूर्वी संसर्ग होऊन गेलेला असतो तेथे एकाच वेळी केलेली ही चाचणी दिशाभूल करू शकते, आणि तिच्या आधारे कित्येकांना टायफॉईड नसताना प्रतिजैविके दिली जातात. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करणे, म्हणजे रक्तातील जिवाणू वाढवून ओळखणे, हा अधिक विश्वासार्ह मार्ग असून त्यातून कोणते औषध लागू पडेल हेही कळते. १९७२ मध्ये केरळात कालिकत येथे क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफॉईड पसरला, आणि त्यानंतर एकेक औषध हातचे जात आहे. साध्या साल्मोनेला-जुलाबांत निरोगी प्रौढाला बहुधा प्रतिजैविकाची गरज नसते. क्षारसंजीवनी आणि विश्रांती पुरतात.

विदर्भात मात्र या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यायला हवा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण या भागात लक्षणीय आहे. या विकारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी अडकून प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि हाडांचा रक्तपुरवठा जागोजागी तुटतो. प्लीहा हे रक्तातील जिवाणू गाळण्याचे ठिकाण असल्यामुळे अशा मुलांच्या आतड्यातून सुटलेला साल्मोनेला मृतवत हाडात ठाण मांडतो आणि ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडातील पुवाळलेला संसर्ग, उद्भवतो. सिकलसेलच्या मुलाला ताप आणि हाडात दुखणे एकत्र आले, तर ते नेहमीचेच दुखणे समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. तीन महिन्यांखालील बाळे आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनाही हा अपवाद लागू आहे.

लसीच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉईडची संयुग्म लस दिली. भारतातील सार्वजनिक यंत्रणेने राबवलेली या लसीची ती पहिली मोहीम होती. संयुग्म लस म्हणजे जिवाणूच्या आवरणातील शर्करा एका प्रथिनाला जोडून केलेली लस, आणि या जोडणीमुळेच ती तान्ह्या मुलांतही परिणामकारक ठरते व एक मात्रा काही वर्षे संरक्षण देते. तिचा प्रभाव टायफीपुरताच आहे. पॅराटायफी ए आणि कोंबडी-मसाल्यातून येणारे उपप्रकार तिच्या कक्षेबाहेर राहतात. टायफी आणि पॅराटायफी ए या दोहोंवर चालेल अशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली असून निरोगी प्रौढांवरील तिच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.