प्रत्यारोपित मूत्रपिंडाची पूर्वसूचना



भारतात मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोर येथे झाले. तेलंगणात २०१३ पासून ‘जीवनदान’ योजनेद्वारे मेंदूमृत दात्यांची मूत्रपिंडेही गरजू रुग्णांना मिळू लागली आहेत.

दात्याच्या देहातून काढलेले मूत्रपिंड काही तास रक्ताविना, थंड द्रावणात ठेवावे लागते. या काळात त्यास इजा झाल्यास ते तत्काळ कार्य करीत नाही आणि पहिल्या आठवड्यातच डायलिसिसची गरज भासते. अशा बिघाडाची कल्पना रक्तातील क्रिएटिनिनच्या प्रमाणावरून येते. परंतु ही खूण उशिरा प्रकट होते. याउलट ‘एनगॅल’ व ‘इंटरल्यूकिन-१८’ ही प्रथिने इजेनंतर काही तासांतच लघवीत वाढलेली आढळतात, असे संशोधकांना दिसून आले आहे. या चाचण्या अद्याप सर्वत्र नित्याच्या झालेल्या नाहीत आणि त्या बायोप्सीची जागाही घेऊ शकत नाहीत.

आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. शस्त्रक्रियेनंतर गावी परतलेल्या रुग्णाच्या दृष्टीने विलंब हाच मोठा शत्रू होय. लघवी कमी होणे, पायांवर सूज, अचानक वजनवाढ अथवा ताप दिसताच त्याने विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. प्रकृती उत्तम वाटली तरी औषधे स्वतःहून थांबवू नयेत, ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत. शिक्षक व आरोग्यसेवकांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास दात्याचे अमूल्य दान व्यर्थ जाण्याचा धोका निश्चितच कमी होईल.