चार तरुण आणि दहा हजार तबकड्या

मँचेस्टर हे नाव आपल्याकडे कुणाला नवे नाही. स्वदेशीच्या चळवळीत ज्या विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, त्यात त्या मुलखातल्या गिरण्यांचे कापड असे. इचलकरंजीला तर आपण कौतुकाने महाराष्ट्राचे मँचेस्टरच म्हणतो. पण आज मी सांगणार आहे ती हकीकत कापडाची नाही, गाण्याची आहे. चार तरुणांनी आपली पहिली मोठी तबकडी बड्या कंपनीच्या दारात न जाता, आपल्याच गावात राहून कशी काढली, त्यात काय मिळवले आणि काय गमावले, त्याची ही गोष्ट.

काळ १९७० नंतरच्या दशकाचा. मँचेस्टरच्या गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंड झाली होती. १९८२ च्या संपानंतर आपल्या गिरणगावात जी अवकळा आली, ती त्या शहराने आधीच पाहिलेली होती. रिकामी गोदामे, पाडलेल्या चाळी आणि हाताला काम नसलेली पोरे. अशा ठिकाणी ४ जून १९७६ रोजी एका सभागृहात लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडचा जलसा झाला. ऐकायला माणसे किती, तर मोजून काही डझन! वाजवणाऱ्यांना फारसे वाजवता येत नव्हते. पण श्रोत्यांत सॅलफर्डचे दोन शाळासोबती बसले होते, बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक. त्यांच्या मनाने घेतले, की हे यांना जमते तर आपल्याला का जमू नये? हुकने दुसऱ्याच दिवशी गिटार विकत आणली. पुढे मॅकल्सफील्डचे दोघे त्यांना येऊन मिळाले. इअन कर्टिस गायला आणि स्टीफन मॉरिस ड्रम वाजवायला. १९७८ च्या सुरुवातीला या चौघांनी ‘जॉय डिव्हिजन’ हे नाव घेतले.

आता तबकडीचा धंदा कसा चालतो, ते थोडे समजून घेऊ या. गाणे बांधायला पैसे लागत नाहीत. पण ध्वनिमुद्रण करायचे तर स्टुडिओचे भाडे, तबकड्या छापण्याचा खर्च, वेष्टनाची छपाई, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे माल दुकानोदुकानी पोहोचवणे, एवढे सारे आले. हे सारे बड्या कंपन्यांच्या हातात होते. कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देई. ती बक्षीस नव्हे, बरं का! ती त्याच्याच पुढच्या कमाईतून वळती व्हायची. आणि ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राहायची. म्हणजे शेत कसायचे आपण आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर!

ही कोंडी फोडता येते, हे मँचेस्टरच्याच ‘बझकॉक्स’ या बँडने जानेवारी १९७७ मध्ये दाखवून दिले. त्यांनी पाचशे पौंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी मुद्रित केली आणि एक हजार छोट्या तबकड्या स्वतःच्या नावावर काढल्या. प्रत्येक गाणे कितव्या खेपेला साधले, तेही त्यांनी वेष्टनावर छापले. यात काही जादू नाही, तुम्हीही करा, असाच त्याचा अर्थ. पुढे त्या तबकडीच्या सुमारे सोळा हजार प्रती खपल्या.

जॉय डिव्हिजननेही १९७८ मध्ये पदरमोड करून चार गाण्यांची छोटी तबकडी काढली. पण सात इंचांच्या तबकडीवर चार गाणी कोंबली, त्यामुळे आवाज पिचका आला. तबकडीवरची रेघ जितकी दाटीने कोरावी तितका आवाज क्षीण होतो, हा धडा त्यांना स्वतःच्या पैशाने शिकावा लागला. त्याच वर्षी त्यांनी एका बड्या कंपनीच्या वतीने अख्ख्या मोठ्या तबकडीचे ध्वनिमुद्रणही केले होते. परंतु त्यावर चढवलेला वरचा साज त्यांना रुचला नाही, आणि ते काम त्यांनी मागे घेतले. पहिली मोठी तबकडी हाताशी आलेली असताना ‘ही आमची नव्हे’ असे म्हणायला धैर्य लागते, नाही का?

याच सुमारास टोनी विल्सन नावाचा दूरचित्रवाणीवरचा निवेदक, अ‍ॅलन इरॅस्मस नावाचा त्याचा मित्र आणि पीटर सॅव्हिल हा तरुण चित्रकार यांनी ‘फॅक्टरी’ नावाची कंपनी काढली. नावाला फॅक्टरी, पण कचेरी कुठे? तर पॅलाटाइन रोडवरच्या इरॅस्मसच्या बिऱ्हाडात! लंडनहून विचारणा असतानाही बँडचा व्यवस्थापक रॉब ग्रेटन याने गावातच राहायचे ठरवले. भांडवल विल्सनचे, आईच्या मागे त्याला मिळालेले. आणि करार कसा? खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, आणि गाण्यांची मालकी वादकांची, कंपनीची नव्हे. विल्सनने हा करार स्वतःच्या रक्ताने लिहिला अशी आख्यायिका आहे. रक्त असो की शाई, मजकूर महत्त्वाचा.

एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत काम सुरू झाले. मुद्रणाची सूत्रे मार्टिन हॅनेटकडे होती. बझकॉक्सची तबकडीही त्यानेच केलेली. मोठा विक्षिप्त माणूस! ड्रमचा एकेक आवाज त्याने सुटा करून मुद्रित केला, नवे प्रतिध्वनियंत्र आणले, आणि लिफ्टचा आवाज, काच फुटल्याचा आवाज असे नाना आवाज गाण्यात विणले. हे चौघे व्यासपीठावर दणदणाट करणारे. तयार झालेली तबकडी ऐकून सम्नर आणि हुक हिरमुसले, कारण त्यांचा सारा आवेश हॅनेटने गार करून टाकला असे त्यांना वाटले. पण नेमकी ती रिकाम्या गोदामात घुमावी तशी पोकळीच लोकांच्या मनात रुतून बसली. कलावंताला आपले काम नेहमी कळतेच असे नाही. आणि ते बिघडवणारा कोण, घडवणारा कोण, हेही त्या वेळी कळत नाही.

या तबकडीचे नाव ‘अननोन प्लेझर्स’. तिच्या वेष्टनाबद्दल आकाशवाणीच्या श्रोत्यांना खास सांगावेसे वाटते. काळ्या पृष्ठावर पांढऱ्या नागमोडी रेघा, एखाद्या डोंगररांगेसारख्या. पुढच्या बाजूला बँडचे नाव नाही आणि तबकडीचेही नाही. हे चित्र आहे रेडिओलहरींचे! १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक अंतराने येणारे ठोके सापडले. सुमारे १.३४ सेकंदाला एक ठोका. तो पहिला सापडलेला स्पंदक तारा. त्याच्या ठोक्यांचा आलेख एका खगोलशास्त्राच्या कोशात छापला होता. तो या मुलांनी सॅव्हिलच्या हाती दिला, आणि सॅव्हिलने पांढऱ्यावरचे काळे होते ते काळ्यावरचे पांढरे केले. बड्या कंपनीच्या विक्रीखात्याने नावाशिवायचे वेष्टन कधी मंजूर केले असते का? मला शंका आहे.

१५ जून १९७९ रोजी तबकडी बाहेर पडली. छापल्या दहा हजार. घरच्या बिऱ्हाडातून चाललेल्या कंपनीला हे धाडसच. पहिल्या दोन आठवड्यांत पाच हजार गेल्या, आणि पुढच्या सहा महिन्यांत आणखी दहा हजार. खपाच्या मोठ्या यादीत तेव्हा तिचे नाव लागले नाही. पण अशा छोट्या कंपन्यांचा माल एवढा वाढला होता, की जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये त्यांच्या खपाची वेगळी यादी छापली जाऊ लागली.

इथवरची गोष्ट यशाची. पण श्रोतेहो, तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गायक इअन कर्टिस हा मॅकल्सफील्डच्या नोकरी-केंद्रात अपंगांना काम मिळवून देणाऱ्या विभागात नोकरीला होता. तिथे भेटलेल्या अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीवरून त्याने एक गाणेही लिहिले. पुढे त्याला स्वतःलाच तो आजार जडला. जानेवारी १९७९ मध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या तीनच महिने आधी, निदान झाले. या दुखण्याला झोप हवी, नियम हवा. बँडच्या आयुष्यात रात्रीचे जागरण, दूरचा प्रवास आणि डोळ्यांवर झगझगीत दिवे. दौरे थांबले नाहीत. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर, त्याने आपले जीवन संपवले. वय अवघे तेवीस.

कुणा एकाला यात दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. सगळेच कोवळे होते. मात्र एवढे खरे, की वरिष्ठ नसणे म्हणजे स्वातंत्र्य, तसेच ‘बाबा रे, आता थांब’ असे सांगणारे कुणी नसणेही त्यात येते. मालक नको असेल, तर एकमेकांची काळजी घेण्याचे काम आपल्यावरच येऊन पडते.

उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ हे नवे नाव घेऊन काम चालू ठेवले. फॅक्टरी कंपनी मात्र १९९२ मध्ये डबघाईला आली. लंडनची एक बडी कंपनी ती विकत घ्यायला आली होती. कागद तपासताना करार निघाला, आणि कळले की गाण्यांची मालकी मुळी फॅक्टरीकडे नाहीच! सौदा फिसकटला, कंपनीचे दिवाळे वाजले. पण कंपनीबरोबर गाणी आपोआप विकली गेली नाहीत. मालकी देऊन टाकणारा तो अव्यवहारी करार तेरा वर्षांनी वादकांच्या कामी आला.

आज स्टुडिओचे भाडे नको, तबकडी छापायला नको. पुण्यातला किंवा कोल्हापुरातला एखादा बँड घरच्या संगणकावर गाणी मुद्रित करतो आणि त्याच रात्री ती जगभर पोहोचतात. पण तीन प्रश्न तेच आहेत. गाणे कुणाच्या नावावर राहणार? न आवडलेल्या कामाला नाही म्हणता येणार का? आणि आपल्यातला एखादा थकला, तर त्याच्यासाठी बाकीचे थांबणार का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मँचेस्टरच्या त्या चौघांनी चोख दिली. तिसऱ्याचे उत्तर आपल्या तरुण मंडळींनी पहिले गाणे बाहेर पडण्याआधीच आपसांत ठरवून ठेवावे, एवढेच आज सांगायचे होते.