ओसरीवरचा पाहुणा

१९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने जावा ही भाषा जगापुढे आणली, ती एक वचन देऊनच. वेबवरचं पान उघडलं की परक्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ॲपलेट, तुमच्या संगणकावर चालेल. पण आखून दिलेल्या जागेतच, सँडबॉक्समध्ये. तुमच्या फाइलींना तो हात लावणार नाही. पाहुण्याला ओसरीवर बसवावं, माजघरात येऊ देऊ नये, तसं. दारात पहारेकरीही होता, सिक्युरिटी मॅनेजर.

ऑगस्ट २०१२मध्ये ते वचन मोडलं. जावाची सातवी आवृत्ती असलेल्या संगणकावर नुसतं एखादं पान उघडलं, तरी चोर आत शिरू लागला. भिंत कुणी फोडलीच नव्हती, आणि हेच मला आजही अस्वस्थ करतं. पाहुण्याने घरच्याच गड्याला आतली किल्ली आणायला पाठवलं. किल्ली मागणारा घरचा, एवढंच पहारेकऱ्याने पाहिलं. कुणासाठी मागतोस, हे विचारलंच नाही.

नियम खरं तर कडक होता. विनंती कुणाकडून कुणाकडे आली, ती सगळी साखळी तपासायची. पण काही ठिकाणी फक्त शेवटची कडी पाहिली जाई. त्या फटीतून सनटूलकिट हा आतला क्लास ॲपलेटच्या हाती लागला. खासगी फील्ड उघडून देण्याची सोय त्यात होती. तिच्या जोरावर ॲपलेटने आपल्या एका आज्ञेला सगळे अधिकार जोडले. आज्ञा एवढीच होती: पहारेकऱ्याला काढून टाका.

यातले दोष पोलंडमधल्या सिक्युरिटी एक्सप्लोरेशन्स या कंपनीने एप्रिलमध्येच ओरॅकलला कळवले होते. तोवर जावा ओरॅकलच्या मालकीची झाली होती. दुरुस्ती आली ३० ऑगस्टला, हल्ले सुरू झाल्यावर. मधल्या चार महिन्यांचं मला फार वाईट वाटतं. आपल्या यंत्रात जावा आहे, हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसे. कुठलंसं पान उघडावं म्हणून कधीतरी कुणीतरी ती बसवून दिलेली असे. अशा माणसाने सावध व्हायचं कसं? दुरुस्ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच पोलिश मंडळींनी दुरुस्त आवृत्तीतही बाहेर पडायची वाट दाखवली.

ॲपलेट चालवणारं प्लगइन २०१८ साली जावातून गेलं. मार्च २०२५मध्ये, चोविसाव्या आवृत्तीत, पहारेकरीही कायमचा बंद झाला. परक्या कोडला अडवायचं काम आता भाषेबाहेर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि कंटेनर यांच्याकडे आहे. पाहुण्याची सोय आता अंगणापलीकडच्या वेगळ्या खोलीत केली जाते.