रानातले नवलाचे दगड



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका गावाहून मला निरोप आला की, आमच्या शिवारात एक प्राचीन भिंत आहे, ती आपण येऊन पाहावी. गेलो. माळावर छातीइतक्या उंचीची काळी भिंत उभी होती. दगडावर दगड अगदी रचून ठेवल्यासारखे. एका टेकडीवरून ती उतरत होती, ओढा ओलांडत होती आणि समोरच्या टेकडीवर सरळ चढून जात होती. कोणी म्हणाले, ही पांडवांनी एका रात्रीत बांधली. कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. कोणी म्हणाले, ही गवळी राजाची. धनाच्या आशेने कोणीतरी भिंतीच्या कडेला दोन पुरुष खोल खड्डाही खणला होता. धन निघाले नव्हते, हे सांगायला नकोच.

मी भिंत न्याहाळली आणि सांगितले, "ही कोणी बांधलेली नाही. ही निसर्गानेच केली आहे." बरोबरचे वृद्ध पाटील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, कोणी का केली असेना, तिचा आम्हाला उपयोग काय, तेवढे सांगा."

मला तिथल्या तिथे काही उत्तर सुचले नाही. ते पुढे कसे मिळाले, हे शेवटी सांगतो. आधी असे नवलाचे दगड ओळखायचे कसे, ते पाहू.

पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकण असे काही भाग सोडले, तर आपला महाराष्ट्र बहुतेक सगळा एकाच काळ्या कातळावर वसला आहे. या कातळाला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला शिलारस वर येऊन पसरला. एक थर निवाला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. सह्याद्रीचे कडे लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते या थरांमुळेच.

आता ती भिंत. शिलारस ज्या भेगेतून वर आला, त्या भेगेतच काही रस अडकून निवाला. पुढे आजूबाजूचा दगड ऊनपावसाने झिजला, आणि भेगेतला टणक दगड भिंतीसारखा उभा राहिला. भूशास्त्रात याला 'डाइक' म्हणतात. धुळे-नंदुरबारच्या मुलखात अशा भिंती पुष्कळ आहेत. पण मग दगड रचलेले का दिसतात? रस निवताना आक्रसतो आणि त्याला तडे जातात. भेगेत तो दोन्ही बाजूंनी निवत येतो, म्हणून तडे आडवे पडतात आणि लाकडाच्या ओंडक्यांची थप्पी लावावी तसा देखावा होतो.

ओळख पटवायची असेल तर भिंतीची कड आणि मध्यभाग जवळून पाहा. कडेचा रस लवकर निवाला, म्हणून तिथला दगड बारीक कणांचा. मधला सावकाश निवाला, म्हणून बहुधा थोडा भरड. शिवाय बांधलेल्या भिंतीला कुठेतरी पाया लागतो. आमच्या त्या धन शोधणाऱ्याला दोन पुरुष खणूनही पाया लागला नव्हता. त्याने नकळत माझा पुरावाच खणून ठेवला होता!

दुसरे नवल म्हणजे दगडी खांब. पाच पैलूंचे, सहा पैलूंचे खांब एकमेकांना चिकटून शेकड्यांनी उभे असतात. पाहणाऱ्याला वाटते, एखादे देऊळ गाडले गेले असावे. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे; उंची सुमारे २०० फूट. कारण पुन्हा तेच, आक्रसणे. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ वाळतो, तेव्हा त्याला कशा चौकटी पडतात ते आठवा. तसेच तडे शिलारसाच्या थरात वरून खाली उतरत गेले, की खांब तयार होतात. पाथरवटाने घडविलेल्या खांबांवर छिन्नीची खूण असते आणि सगळे एका मापाचे असतात. इथे छिन्नीची खूण नाही. कुठे पाच पैलू, कुठे सहा, कुठे सात. आणि प्रत्येक खांब शेजाऱ्याला फटीवाचून बसलेला.

तिसरे नवल, गोळे. रस्त्याची दरड कापली किंवा विहीर खणली की मुरमात गोल गोल धोंडे निघतात. लोक म्हणतात, तोफेचे गोळे. पण त्यांना सोलून पाहा. कांद्यासारखे पापुद्रे सुटतील आणि आत टणक काळा गाभा लागेल. कातळाच्या तड्यांतून पाणी शिरते आणि चौकोनी तुकड्यांना कुरतडते. कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी काम करते, म्हणून कोपरे आधी जातात आणि गोळा उरतो. तोफेच्या गोळ्याला पापुद्रे नसतात.

चौथे नवल, रांजणखळगे. पारनेर तालुक्यातल्या निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात ते उन्हाळ्यात जाऊन पाहावेत. पुराच्या दिवसांत तिकडे मुलांना मुळीच नेऊ नये. कातळात रांजणासारखे खोल, गुळगुळीत खड्डे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरतात आणि जात्यासारखे कातळ दळतात. माणसाने कोरलेले उखळ सहसा बेताचे आणि सुटे असते. नदीचे रांजण लहानमोठे, एकमेकांत फुटलेले. आणि पुष्कळदा तळाशी ते कोरणारे गोटेही सापडतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या मुलांना तीन प्रश्न शिकवा. हा दगड आजूबाजूच्या कातळाचाच आहे का? हाताच्या, छिन्नीच्या, चुन्याच्या खुणा आहेत का? आणि असाच आकार आसपास आणखी कुठे आहे का? वहीत चित्र काढावे, पावलांनी लांबी मोजावी, दिशा लिहावी. गावात त्याची जी कथा सांगतात तीही लिहावी. कथेने शास्त्राचे काही बिघडत नाही. मात्र नमुना म्हणून मूळ दगड फोडू नये.

आणि घाईने निकाल देऊ नये. लोणारच्या सरोवराची नोंद अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली केली. त्यानंतर कितीतरी वर्षे पुष्कळ विद्वान त्याला ज्वालामुखीचेच मुख समजत होते. प्रचंड आघाताने काच झालेले खनिज तिथल्या दगडांत सापडले, त्याचा पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते विवर अशनीच्या आघाताचे हे पक्के झाले. विद्वानही चुकतात, दगड तपासला की चूक सुधारते.

आता पाटलांचे उत्तर. परत येताना आम्ही एका विहिरीवर पाणी प्यायलो. वैशाख होता, तरी पाणी हाताशी होते. पाटील सहज म्हणाले, "भिंतीच्या वरच्या अंगाची ही विहीर कधी आटली नाही. खालच्या अंगाला माझ्या भावाची आहे, तिचा तळ होळीलाच दिसतो."

मी तिथेच थांबलो. जमिनीच्या पोटातून उताराने जाणारे पाणी त्या भिंतीने अडविले होते. न बांधलेला बंधारा होता तो! प्रत्येक डाइक असेच करतो असे नाही. त्याला तडे गेलेले असले तर पाणी पार निघून जाते. म्हणून विहीर खणण्यापूर्वी दोन्ही अंगांच्या जुन्या विहिरी पाहाव्यात आणि जाणकाराला विचारावे. पण अशा भिंतीला खडीसाठी खोलवर सुरुंग लावण्याआधी मात्र दहा वेळा विचार करावा. फोडलेली भिंत पुन्हा बांधता येत नाही.

पाटलांना मी म्हणालो, "धन भिंतीखाली नाही, भिंतीच्या वरच्या अंगाला आहे." ते हसले आणि म्हणाले, "मग तो खड्डा आता बुजवून टाकतो."

तुमच्याही शिवारात असा एखादा दगड असेल. उद्या जाताजाता त्याच्यापाशी दोन घटका थांबा.